आज नोंद नाही

मयेकर बाईंची आठवण आली की त्यांच्या चेहऱ्याआधी मला शाळेच्या व्हरांड्यातला एक छोटा काळा फळा दिसतो. प्रयोगशाळेच्या दाराशेजारी तो खिळ्याला टांगलेला असे. वरच्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचं लिहिलेलं होतं, ‘आजचा वायुभार’. त्याखालची जागा बाई रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी खडूने भरत. प्रयोगशाळेत पाऱ्याचा जुना वायुभारमापक होता. त्याच्यासमोर उभ्या राहून त्या चष्मा कपाळावर सरकवत, पाऱ्याच्या पातळीला डोळा यावा म्हणून गुडघे किंचित वाकवत, बघत, आणि बघून झालं की पुन्हा एकदा बघत. मग बाहेर येऊन आकडा लिहीत. तो कुणी वाचत असे असं नाही.

मी त्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागलो तेव्हा ऐंशी साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. आमचं गाव लांज्यापासून आत. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. रुजू व्हायच्या दिवशी वडील माझ्याबरोबर एसटीने रत्नागिरीला आले आणि शाळेच्या फाटकाबाहेरच उभे राहिले. आत या म्हटलं तर म्हणाले, पायाला चिखल आहे. बाईंनी ते व्हरांड्यातून पाहिलं असावं. त्या फाटकापर्यंत चालत गेल्या, वडिलांना आत घेऊन आल्या, थेट प्रयोगशाळेत नेऊन मापकासमोर उभं केलं आणि नळीतला पारा कशाच्या जोरावर उभा राहतो ते समजावून सांगितलं. माझ्याशी त्या दिवशी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. वडील मात्र पुढे कितीतरी दिवस गावात त्या पाऱ्याबद्दल बोलत होते. माझ्या नोकरीबद्दल कमी.

बाई उंच आणि हाडकुळ्या होत्या. चाळिशीला टेकलेल्या. लग्न झालेलं नव्हतं आणि त्याविषयी कुणी विचारण्याची सोय त्यांनी ठेवलेली नव्हती. सुती पातळ, कमरेला घट्ट खोचलेला पदर, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत वह्यांबरोबर एक स्क्रू-ड्रायव्हर आणि पक्कड असे. मुलांना त्या दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगत. एक, ‘एका वेळी एकच गोष्ट बदला.’ दुसरी, ‘दिसलं ते लिहा, आवडलं ते लिहू नका.’ प्रयोगाच्या वहीत उत्तर जरा जास्तच बरोबर आलेलं दिसलं की त्या मुलाला उभं करत आणि शांतपणे विचारत, “हे तुला दिसलं की शेजाऱ्याला?”

मांडवी बंदरावरचे खारवी मच्छीमार बाजाराला जाताना शाळेवरून जात. एखादा थांबून ओरडे, “बाई, होडी घालू की नको ता सांगा की.” बाई म्हणत, “पारा खाली गेलाय, एवढं सांगते. होडी तुझी आहे.” तो हसत पुढे जाई. बाई हसत नसत. त्यांना खरंच तेवढंच ठाऊक असे आणि तेवढंच त्या सांगत.

एका वर्षी मापकाच्या नळीत हवा शिरली. पारा दिसायला पूर्वीसारखाच होता, पण खोटं सांगू लागला. बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘मापक बिघडला आहे. आज नोंद नाही.’ दुरुस्तीला दिलेला मापक लवकर परत येईना. रोज सकाळी बाई ओल्या फडक्याने फळा पुसत आणि पुन्हा तेच लिहीत, ‘आज नोंद नाही.’ कालचंच ठेवलं तर चालणार नाही का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “कालची नोंद कालची. आज नाही, हे आज लिहायला हवं.” त्यातच शाळा तपासणी आली. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून सांगितलं की रेडिओवर ऐकून एखादा आकडा टाका, साहेब काय पारा मोजायला येणार आहेत? बाईंनी ऐकून घेतलं. तपासणीच्या दिवशी फळ्यावर नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात होतं, ‘आज नोंद नाही.’ साहेबांनी शेऱ्यात प्रयोगशाळेच्या हेळसांडीबद्दल दोन ओळी लिहिल्या. मुख्याध्यापक पुढे बरेच दिवस बाईंशी बोलले नाहीत. बाईंचं त्यामुळे काही अडलं नाही.

मी मांडवीलाच, बाईंच्या घरासमोर एक खोली भाड्याने घेतली होती. पहिले काही महिने त्या मला शाळेबाहेर ओळख दाखवत नसत. मग एका रविवारी सकाळी त्यांनी अंगणातून हाक मारली, “रामाणे, कॉफी घेता का? आणि जरा जोर लावायचा आहे.”

जोर एका यंत्राच्या दांड्याला लावायचा होता, आणि नंतर बाईंच्या वडिलांना उचलून खुर्चीत बसवायला. दोन्ही गोष्टी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

बाईंचे वडील, बाबा, मूळचे केळशीचे. सारी उमर त्यांनी जहाजांच्या इंजिनखोलीत काढली. माणूस चांगला रुंद, हाताचे पंजे फावड्यासारखे. निवृत्त होऊन घरी आले आणि दोन पावसाळे होतात न होतात तोच अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ओटीवरच्या खाटेवर ते पडून असत. डोळे आढ्याकडे. त्यांच्याशी बोललं तर ते तुमच्याकडे बघत, पण दारातून मांजर गेलं तरी तसेच बघत.

आणि स्वयंपाकघरात ते यंत्र होतं. इटलीतल्या कुठल्याशा बंदरात बाबांना कडक काळ्या कॉफीची चटक लागली होती. शेवटच्या सफरीवरून येताना त्यांनी घरगुती कॉफीचं यंत्रच पेटीत घालून आणलं. दिसायला आपल्या आंघोळीच्या बंबाचं पिल्लू. तांब्यापितळेचं उभं भांडं, खाली विजेची कॉईल, अंगाला एक काटा, वाफेची बारीक तोटी, आणि पुढे एक लांब दांडा. भांड्यात वाफ धरली, काटा ठरलेल्या खुणेला आला, की दांडा वर करायचा. गरम पाणी कॉफीच्या भुकटीवर येतं. मग दांडा खाली दाबायचा. भुकटीतून दाबाने उतरते ती कॉफी. कपाच्या तळाशी चार घोट, वर बदामी फेस. मी जन्मात चहाशिवाय काही प्यायलो नव्हतो. पहिला घोट घेतला तेव्हा औषध वाटलं. बाई म्हणाल्या, “तोंड वाकडं केलंत तरी चालेल. बाबा बघत नाहीयेत.”

ते यंत्र कधी धड चालत नसे. मांडवीच्या विहिरीचं पाणी मचूळ, त्याचे थर आत बसत. भुकटी बाजारातल्या उडप्याकडून येई, ती कधी जाड, कधी चिकोरी मिसळलेली. कधी काटा चढेना, कधी चढून वाफ येईना, कधी दांडा हातात लोण्यासारखा खाली जाई आणि कपात नुसतं तपकिरी पाणी. शेजारपाजारची माणसं बाईंना हसत. कोपऱ्यावर मासळी विकणारी पार्वती म्हणायची, “बाई, इंजीन चालू झाला काय? की आज पण धक्का मारूचा?”

पण बाई ते यंत्र टाकत नव्हत्या, याचं कारण मला पुढे कळलं.

झटक्यानंतरचे कित्येक महिने बाबा कशालाच प्रतिसाद देत नव्हते. आतून काही कळतं की नाही ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मुंबईत असलेला धाकटा भाऊ वसंत येऊन बघून गेला आणि जाताना रडला, ‘आपले बाबा गेलेच, ताई’ म्हणून. बाई मात्र संध्याकाळी शाळेतून आल्या की यंत्र लावत, बाबांना वास तरी यावा म्हणून. एका संध्याकाळी काटा अर्ध्यावर येऊन अडकला. बाईंनी वाट पाहिली, कॉईल तपासली, झडप उघडून पुसली, पाणी बदललं, एका वेळी एक. काटा तिथेच. ओटीवर खाटेशेजारी सगळे भाग मांडून त्या बसल्या असताना त्यांना बाबांचा डावा हात हललेला दिसला. हात सावकाश वर आला, एक बोट सुटं झालं आणि छपराकडे गेलं. बाईंना वाटलं, बाबा देवाला बोलावताहेत. मग त्यांनी वर पाहिलं. वर दिवा होता, आणि तो पिवळा पडला होता. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागले की मांडवीला वीज अशीच मरतुकडी येई. यंत्रात काही बिघाड नव्हताच. कॉईलला जोरच मिळत नव्हता.

हे सांगताना बाईंचा आवाज वर्गात असतो तसाच होता. फक्त शेवटी त्या म्हणाल्या, “मी सगळं उघडून बसले होते, रामाणे. दिव्याकडे मी बघितलंच नव्हतं.”

त्या दिवसापासून बाप-लेकीचं बोलणं सुरू झालं. इंजिनखोलीत इतका आवाज असतो की माणसं तिथे हातांनी बोलतात. बाई लहान असताना बाबा सुट्टीवर आले की गंमत म्हणून लेकीला त्या खुणा शिकवत. मूठ उघडून मिटली म्हणजे झडप. अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं म्हणजे वॉशर. बोटं एकमेकांवर चोळली म्हणजे कोरडं पडलंय, ग्रीस हवं. तळहात गालाजवळ फुंकल्यासारखा नेला म्हणजे हवा. चाळीस वर्षांच्या बाईंना लहानपणचा तो खेळ जसाच्या तसा आठवत होता. बाबांचा डावा हात त्या खुणा करू शकत होता, पण फक्त त्याच. भूक लागली, पाणी हवं, पाठ दुखते, यातलं काही त्यांना सांगता येत नव्हतं. बाईंनी नव्या खुणा शिकवून पाहिल्या, जमल्या नाहीत. वॉशर मात्र ते बरोबर सांगत.

त्यांचं सांगणं नुसत्या आवाजावरून असे. एकदा काटा भराभर खुणेपर्यंत चढला, मी खूश होऊन दांडा धरला, तर ओटीवरून बाबांनी खाटेच्या कडेवर थाप मारली. हात गालाजवळ. हवा. बाईंनी वाफेची तोटी उघडली. फुसकन कोरडी हवा गेली आणि काटा पडला. मग बाईंनी मला समजावलं. भांडं तापताना आत कोंडलेली थंड हवाही काट्याला ढकलते. काटा सांगतो दाब आहे, पण ती वाफ नसते. म्हणून आधी तोटी उघडी ठेवून हवा जाऊ द्यायची. “खोटा दाब,” त्या म्हणाल्या. “काट्यावर विश्वास ठेवायचा, पण आत काय आहे ते बघून.”

एकदा तर बाईच चुकल्या. आतले थर काढायला त्यांनी आमसुलाचं पाणी भांड्यात रात्रभर ठेवलं. आपल्याकडे तांब्याची भांडी आमसुलाने उजळतात, मग हे भांडं का नको, असा सरळ हिशेब. थर निघाले, पण मग कितीही धुतलं तरी कॉफी आंबट आणि दुधाला वाफ दिली की दूध फाटायचं. पहिली वाफ आली ती सोलकढीच्या वासाची. बाबांनी नाक उडवलं, डावा हात उचलला आणि कपाळावर मारून घेतला. ती खूण इंजिनखोलीतली नव्हती. बाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्यांना तसं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

वसंतला हे काही पटत नव्हतं. तो गणपतीला आला तेव्हा मी पहिल्यांदा त्याला भेटलो. वाईट माणूस नव्हता. मुंबईत एका खोलीत बायको-मुलांसह राहायचा, पण दर सणाला येऊन बाबांची दाढी स्वतः करायचा. मुंबईला कायमच्या आजारी माणसांना ठेवून घेणारी एक संस्था होती. तिथे त्याने बाबांसाठी जागा मिळवली होती. त्याचं म्हणणं, ताईचा जन्म एका खाटेशेजारी चाललाय, आणि खाटेवरच्याला त्याचा पत्ताही नाही. “हात हलतो गं,” तो म्हणाला, “पण झाडाची फांदीपण हलते. तू त्यात बोलणं बघतेस.”

बाई रागावल्या नाहीत. हा प्रश्न त्यांना रास्त वाटला. त्या म्हणाल्या, तपासून बघू. आणि त्यांनी तपासणी मांडली ती वर्गात मांडत तशी. यंत्रात बिघाड मी करायचा, तोही त्यांना न सांगता. त्या आणि वसंत ओटीवर बाबांजवळ थांबणार, दोघांनाही स्वयंपाकघर दिसणार नाही. “मला बिघाड माहीत असेल तर माझ्या तोंडावर दिसेल,” त्या म्हणाल्या, “आणि बाबा माझं तोंड वाचतील. मग उत्तर त्यांचं नाही, माझं.”

मी आधी हवा कोंडून ठेवली. बाबांचा हात गालाजवळ गेला. मग दांड्याखालच्या दट्ट्याचं ग्रीस पुसून टाकलं. दांडा करकरला आणि बाबांनी बोटं चोळली. शेवटी मी सगळं नीट लावलं, काहीही बिघाड केला नाही, आणि दांडा दाबला. मग बाबांनी हात उताणा केला आणि पेला धरावा तशी बोटं वळवली. काम आटोपल्यावर इंजिनखोलीत करायची ती खूण: कॉफी द्या.

वसंत उठून अंगणात गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. तो संस्थेला नको म्हणून कळवणार होता. पण जाताना त्याने बाईंकडून एक कबूल करून घेतलं. “उद्या त्यांना खरंच कळेनासं झालं तर? तू सांगशील मला?”

बाई म्हणाल्या, “त्या दिवशी मी स्वतः कळवीन. तुला यावं लागणार नाही विचारायला.”

तो माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई खोटं बोलत नाही, सर. हे आम्ही लहानपणापासून भोगलंय. मी शाळा बुडवून मांडवीच्या धक्क्यावर बसलो की बाबांनी विचारायच्या आधी हिने सांगितलेलं असायचं.”

थंडी सरता सरता बाबांना दुसरा झटका आला. बाहेरून फार फरक दिसला नाही. पण यंत्र लागलं की मान तिकडे वळायची, ती वळेनाशी झाली. एखाद्या वेळी वळलीच, तरी हात यायला फार वेळ लागे, आणि आला तर भलतीच खूण करून अंगावर पडे. बाई ‘बघू, आज थकलेत’ म्हणत. रविवारच्या हाका कमी झाल्या. शाळेत त्या तशाच होत्या. दुरुस्त होऊन आलेल्या मापकासमोर गुडघे वाकवून रोजची नोंद घेत, फळ्यावर लिहीत. मुंबईला त्यांनी कळवलं नव्हतं. मी विचारलं नाही. तो माझा प्रश्न नव्हता असं तेव्हा वाटलं.

शिमग्याला वसंत आला. डॉक्टरांना भेटूनच घरी आला. त्याने बाबांची दाढी केली, पाठीला पडलेल्या जखमा पाहिल्या, त्या स्वच्छ केल्या आणि मग माझ्या खोलीवर येऊन म्हणाला, “सर, उद्या सकाळी या. मागच्यासारखंच करू.” संस्थेतली जागा पुन्हा मिळत होती. बाबांना आताच न्यावं, असं त्याच्या मनात होतं. बाई फक्त म्हणाल्या होत्या, “बघ तपासून.”

सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. कोणता बिघाड करावा याचा मी फार विचार केला नाही. सगळ्यात सोपा निवडला. वाफेची तोटी मी किंचित उघडी ठेवली. अशी तोटी सतत फुसफुसते, काटा चढत नाही, आणि कुणाही माणसाला ते ऐकू येतं. पूर्वी बाबा हा आवाज येताच मूठ उघडमीट करून झडपेची खूण करत, आणि वर ‘एवढंच?’ म्हटल्यासारखं तोंड करत. मी बटण लावलं. भांडं तापलं. फुसफुस सुरू झाली.

दाराच्या फटीतून मला चादरीवरचा बाबांचा डावा हात आणि बाईंची पाठ दिसत होती. बाईंना काय बिघडलंय ते त्या आवाजावरून कळलंच होतं. वसंतला यंत्रातलं काही कळत नसे. फुसफुस चालूच होती. बाबांचा हात चादरीवरून उठला, थांबला, पुन्हा उठला. बोटं थरथरत जवळ आली आणि अंगठ्याला तर्जनी टेकली. गोल कडं.

“हे काय म्हणाले?” वसंतने विचारलं.

“वॉशर,” बाई म्हणाल्या.

“बिघाड वॉशरचाच आहे?”

बाई उठल्या आणि आत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तोटीकडे पाहिलं. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत त्यांनी हात पुढे केला आणि तोटी घट्ट फिरवली. फुसफुस थांबली. घर एकदम शांत झालं. बाहेर कुठेतरी पालखीच्या ढोलांची तयारी चालली होती ते ऐकू आलं.

“वॉशरच होता,” बाई मोठ्याने म्हणाल्या. “बरोबर, बाबा.”

मग त्यांनी वाफ सोडली, पिशवीतली पक्कड काढली, दांड्याखालचा गरम भाग फडक्याने धरून सोडवला आणि आतला वॉशर उचकटला. आठवड्यापूर्वी कुकरच्या नव्या रिंगमधून त्यांनी तो स्वतः कापला होता. मऊ आणि धड. बोट भाजत असतानाही त्यांनी तो तळहातावर ठेवला आणि ओटीवर नेला. “हा बघा. हाच.”

मी मागोमाग दारात आलो होतो. वसंतने वॉशर पाहिला, बाबांकडे पाहिलं आणि बहिणीकडे पाहिलं. “तू सांगतेस म्हणजे झालं,” तो म्हणाला. आणि खाटेच्या कडेला बसून त्याने बाबांचे पाय दाबायला घेतले.

बाईंनी वॉशर बाबांच्या डाव्या हातात दिला. इंजिनखोलीतला माणूस वॉशर हातात आला की आधी अंगठ्याने वाकवून बघतो, कडक झालाय का, चिरलाय का. बाबांच्या अंगठ्याने तो वाकवला. वॉशर वाकला, सुटला, पुन्हा जागेवर आला. बाबांनी बाईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहत होते. त्यांना काय कळलं आणि काही कळलं की नाही, हे मी सांगू शकत नाही. मग बोटं सैल पडली आणि वॉशर चादरीवर घरंगळला. बाईंनी तो उचलला, आत येऊन जागेवर बसवला आणि कॉफी केली. पहिला कप बाबांचा. चमच्याने त्यांच्या ओठांना लावली ती ओठांच्या कडेने खाली उतरली, आणि बाई पदराने पुसत राहिल्या.

वसंत त्याच रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला. बाबा घरीच राहिले. पुढे पाऊस लागला आणि भरपावसात ते गेले. शेवटचे महिने त्यांना फार त्रास झाला. पाठीच्या जखमा भरल्या नाहीत. संस्थेत ते यापेक्षा बरे राहिले असते का, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. बाईंच्या मनात तो रोज येत असणार. त्या दिवसानंतर बिघाड ओळखायचा खेळ घरात कुणी मांडला नाही. यंत्र मात्र रोज लागे, शेवटच्या दिवसापर्यंत. वास माझ्या खोलीपर्यंत येई.

पण माझ्या डोळ्यांसमोर बाई राहिल्या आहेत त्या त्या पावसातल्या नाहीत. शिमग्याची सुट्टी संपून शाळा भरली त्या सकाळच्या आहेत. मी जरा लवकर पोचलो होतो. बाई प्रयोगशाळेत मापकासमोर उभ्या होत्या. चष्मा कपाळावर नव्हता, गुडघे वाकलेले नव्हते. नुसत्या उभ्या. नळीत पारा स्वच्छ दिसत होता, वरची कड सकाळच्या उन्हात चकाकत होती. मला दारातूनही आकडा वाचता आला असता. बाई बाहेर आल्या, ओल्या फडक्याने फळा पुसला, तो वाळेपर्यंत थांबल्या आणि खडू उचलला.

प्रार्थनेला जाणाऱ्या रांगेतली एक मुलगी थांबली. फळा वाचून तिने विचारलं, “बाई, मापक पुन्हा बिघडला?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मापकाला काही झालेलं नाही.”

आणि हातावरची खडूची पूड झटकून त्या रांगेच्या मागे चालू लागल्या. बोटाला भाजल्याचा फोड होता. फळ्यावर नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘आज नोंद नाही.’